वरच्या वस्तीची खुर्ची

१

सकाळी सभागृहाचं दार उघडलं तेव्हा डोंगर जागेवर नव्हता.

खरा डोंगर होता म्हणा. खिडकीतून दिसत होता, एका अंगाने कुरतडलेला. मी म्हणते तो प्लास्टरचा. दोन मोठी टेबलं जोडावीत एवढा, चाकांच्या चौकटीवर बसवलेला. खाणीच्या सुताराने तुकड्यातुकड्याने आणून इथेच, सभागृहात, सांधून उभा केला होता. आत्ताची खाण, उद्या वाढणारी खाण, मातीचे ढिगारे, खालची नदी, वरची वस्ती आणि वस्तीचा झरा, सगळं त्यावर होतं. ढिगाऱ्यांवर तर त्याने खाणीतली खरी लाल माती पसरली होती. लोकांना नकाशे कळत नाहीत, त्यांना नीट दाखवून मगच विचारायला हवं, असं कंपनीनेच ठरवलं होतं. त्याच सभागृहात, भिंतीवर फलक होता: 'शाश्वत विकास, सर्वांना सोबत घेऊन.'

आज जनसुनावणी होती आणि डोंगर गायब.

"हे त्या मास्तरणीचं काम," कंपनीचा लोकसंपर्क अधिकारी म्हणाला. वस्तीने त्याचं नाव मधबोट्या ठेवलं होतं, कारण तो 'नाही' असं कधी म्हणायचा नाही, फक्त मधाचं बोट लावायचा. "काल दुपारी तिने त्यावर पाणी ओतलं. आम्ही हरकत घेतली. रात्री येऊन सगळं फोडून टाकलं. तिच्या बाहीला प्लास्टर आहे बघा अजून!"

मास्तरीण म्हणजे माझी भाची, माझ्या दादाची मुलगी. वरच्या वस्तीच्या शाळेत शिकवते. आज वस्तीतर्फे बोलायला तिचंच नाव दिलेलं होतं.

सुनावणी घेणाऱ्या अधिकारीबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "सुनावणीच्या वस्तूंची नासधूस करणाऱ्याला बोलता येत नाही. हा नियम आहे. प्रत्येक वस्तीचा एकच वक्ता, तोही आधी नाव दिलेला."

"आणि आमची खुर्ची रिकामी राहिली तर?" भाचीने विचारलं.

"रिकामी खुर्ची म्हणजे हरकत नाही, असं धरलं जातं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या झऱ्याचं पाणी पिऊन ही माणसं जगली, त्या झऱ्याच्या डोक्यावर ढिगारे ओतायचे, आणि वस्तीने काही म्हटलं नाही म्हणून कागदावर 'संमती'! वा रे वा, सर्वांना सोबत घेऊन!

"वरच्या वस्तीची पाळी जेवणाच्या सुट्टीनंतर आहे ना?" मी म्हणाले. "तोवर मी शोधते डोंगर."

"आपण कोण?" बाईंनी विचारलं.

"आत्या," मी म्हणाले.

२

मी विमा कंपनीत दावे तपासते. दुकान जळालं म्हणणारे, ट्रक दरीत गेला म्हणणारे, पाय मोडला म्हणून लंगडणारे आणि मी वळले की धावणारे, निम्मं आयुष्य ह्यांच्यातच गेलं. सुट्टीवर भावाकडे आले होते, चार दिवस सुखाने झोपावं म्हणून. कसलं काय!

आधी भाचीला बाजूला घेतलं. "खरं सांग, रात्री आली होतीस इथे?"

"अंधार पडायच्या आधी आले होते, आत्या. शाल विसरली होती. घेतली आणि गेले. बाहीला प्लास्टर लागलं ते दुपारी, वाकून झरा बघताना."

"आणि पाणी कशाला ओतलंस?"

तिचे डोळे चमकले. "कंपनी म्हणते, ढिगाऱ्यांवरचं पाणी उतरून नदीकडे जाईल, झऱ्याला धक्का लागणार नाही. मी म्हटलं, बघू तर. ढिगाऱ्यावर पेलाभर ओतलं. सगळं लाल पाणी घरंगळत आलं ते थेट झऱ्यात! मधबोट्याचं तोंड बघायला हवं होतंस. मी म्हटलं, उद्या हेच सगळ्यांसमोर करणार, अधिकारीबाईंसमोर."

"तेव्हा कोण होतं तिथे?"

"तो, मी आणि सुतार."

म्हणजे हिला डोंगर हवाच होता. जी वस्तू आपली साक्षीदार आहे ती कोण फोडतं? पण हे मला कळून काय उपयोग! अधिकारीबाईंना पटायला हवं होतं.

तेवढ्यात मधबोट्या लगबगीने आला. "ताई, एवढी धावपळ कशाला करताय? मागच्या अंगणात राख आहे. जाळलंय तिने सगळं."

मागे खरंच राखेचा ढीग होता, अजून कोमट. त्याने बुटाच्या टोकाने ती उकरून दाखवली. चेहऱ्यावर दुःख असं की सख्खं माणूस गेलंय.

मी काडीने राख चाळली. आयुष्यात मी इतक्या राखा चाळल्यात की त्यांच्याशी माझी बोलाचाल आहे. कोळसा होता, लांब गंजके खिळे होते, खोक्यांना मारतात त्या पत्र्याच्या पट्ट्या होत्या. एवढंच.

"साहेब," मी गोड आवाजात विचारलं, "ही राख इथे आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पहारेकऱ्याने," तो पटकन म्हणाला.

३

पहारेकरी दाराशी स्टुलावर बसून चहा पीत होता. माणूस सरळ. त्याच्या जागेची त्याला एवढी काळजी की चहासाठीसुद्धा उठत नव्हता.

"राख? कसली राख?" तो म्हणाला. "मी जागचा हललो नाही बाई. मागचं अंगण मला इथून दिसतही नाही."

"मग काल संध्याकाळपासून आत कोण कोण गेलं ते तरी सांगा."

"मास्तरीणबाई आल्या, शाल घेऊन गेल्या. मग कंपनीचे साहेब आणि सुतार एकदमच आले. साहेब थोड्या वेळाने निघून गेले. सुतार बराच वेळ होता. खुर्च्या डुगडुगत होत्या म्हणाला. ठोकाठोक चालली होती."

"बाहेर काय घेऊन गेला?"

"जुन्या खोक्यांच्या फळ्या. कवेत धरून चार खेपा केल्या असतील. मागे जाळतो म्हणाला, थंडी आहे."

"प्लास्टरचे तुकडे?"

"छे! मी प्रत्येक खेप बघितली. तेच तर माझं काम आहे." मग तो जरा ओशाळून म्हणाला, "आणि बाई, तो अख्खा डोंगर ह्या दारातून जातच नाही. सुताराची पेटी न्यायची तरी आडवी करावी लागते."

मागची खिडकी मी बघून आले. गज पक्के आणि गंजलेले, कोळ्याची जाळी शाबूत.

मी दारात उभी राहून डोकं खाजवलं. डोंगर दारातून गेला नाही. खिडकीतून गेला नाही. फुटून गेला असता तर तुकडे दिसले असते. आणि जळून गेला म्हणावं, तर लोकहो, प्लास्टर जळत नाही! राखेत निदान मूठभर पांढरा चुरा नको? चौकटीची लोखंडी चाकं नकोत? ती काय धुरातून उडाली?

म्हणजे डोंगर जळलाच नव्हता. पण मधबोट्या मात्र तो जळलाय असं मनापासून धरून चालला होता, आणि राख कुठे आहे हे कुणी न सांगता त्याला ठाऊक होतं.

पाणी कुठे मुरतंय ते कळलं होतं. पण डोंगर कुठे मुरला होता?

आत घंटा वाजली. सुनावणी सुरू झाली.

४

सुतार शेवटच्या रांगेत बसला होता. खाणीत बोगद्यांना लाकडाचे टेकू द्यायचं काम त्याचं. हातांचे पंजे फावड्याएवढे, आवाज मात्र कानात बोलावं तसा. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"काल काय काय दुरुस्त केलंत?"

"खुर्च्या."

"डोंगर तेव्हा होता?"

"मी कामात होतो."

"तुम्हीच केलेला डोंगर गेला आणि तुम्हाला काहीच वाटत नाही?"

तो माझ्याकडे बघतही नव्हता. त्याचे डोळे समोर खिळले होते, व्यासपीठावर. हे व्यासपीठ म्हणजे जुन्या खोक्यांवर फळ्या टाकून केलेला लाकडी चौथरा. चारी बाजूंनी हिरवी झालर, वर टेबल, अधिकारीबाईंची खुर्ची आणि कंपनीच्या पाहुण्यांच्या खुर्च्या. खाली आपण सगळे.

कंपनीचे एक भरदार पाहुणे वर चढले तसा सुताराने श्वास रोखला. पाहुणे बसले आणि त्याने श्वास सोडला. मला वाटलं, माझा भास असेल. तेवढ्यात अधिकारीबाई चढायला गेल्या आणि काठावर ठेचकाळल्या. पाहुण्यांनी हात दिला म्हणून बरं.

"काल तयारी बघायला आले तेव्हा इतक्यांदा चढले-उतरले, आजच कसा पाय अडखळला कोण जाणे," त्या हसत म्हणाल्या. सुतार अर्धा उठला होता. तो हळूच खाली बसला.

मग भाषणं झाली. मधबोट्याने पडद्यावर चित्रं दाखवली. हिरवी झाडं, हसणारी मुलं, निळी नदी. खालच्या वस्तीचा वक्ता म्हणाला, रस्ता देणार असाल तर आमचं काही म्हणणं नाही. वाहतूकदारांचा वक्ता म्हणाला, खाण वाढायलाच हवी, आमची पोटं तिच्यावर आहेत. त्यांचंही खरं होतं. पोट सगळ्यांनाच असतं, आणि ज्याने त्याने आपलं सांगावं ह्यासाठीच तर ही सभा. माझं म्हणणं एवढंच, की सांगायची वेळ आली की कुणाच्या तोंडावर हात ठेवू नये.

पुढच्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. पाठीवर चिठ्ठी: 'वरची वस्ती'. तिच्या मागे वस्तीची माणसं दाटीवाटीने उभी. भाची भिंतीला टेकून, ओठ घट्ट मिटून.

जेवणाची सुट्टी झाली. अधिकारीबाई जाताना माझ्याजवळ थांबल्या. "सापडला का तुमचा डोंगर?"

"अजून चढतेय," मी म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. "परत आल्यावर पहिली पाळी तुमच्या वस्तीची आहे. मला थांबता येणार नाही."

५

सभागृह रिकामं झालं तशी मी गुडघ्यांवर बसले आणि व्यासपीठाची हिरवी झालर उचलली. ह्या वयात गुडघे कटकट करतात, करू देत.

समोरून फळ्या ठोकून सगळं बंद केलेलं. फळ्या जुन्या, पण खिळे नवे, चकचकीत. आणि चौथऱ्याच्या कोपऱ्याखाली पाचरी! एक उजवीकडून मारलेली, तिच्यावर दुसरी डावीकडून. चारी कोपऱ्यांना तसंच, जोडीजोडीने. दोन्ही बाजूंनी ठोकत जावं तसा चौथरा इंच इंच वर उचलला होता.

"दादा!" मी हाक मारली.

दादा दारात उभा होता. त्याची हयात खाणीत गेली. आता छातीने दगा दिलाय, काठी घेऊन चालतो.

"ह्या अशा जोडीच्या पाचरी कोण मारतं रे?"

तो वाकला. "हे आपलं खाणीतलं काम. टेकू छताला भिडवायचा तर असंच करतात. एकच पाचर मारली तर ती सरकते, वरून डोंगर येतो अंगावर. बाहेरचा सुतार कशाला दोन दोन मारील?"

"बरं, आता वर चढ आणि ठोकून बघ."

"काय बघू?"

"बोगद्यात शिरताना छत ठोकून बघायचास ना, पोकळ की भरीव? तसं."

दादाने माझ्याकडे बघितलं, मग काठी उलटी धरली आणि कडेची फळी ठोकली. ढब. पोकळ. एक पाऊल आत. ढब. मग मधोमध, अधिकारीबाईंच्या खुर्चीपाशी ठोकली. ठक.

"चिमे," तो हळूच म्हणाला. लहानपणचं नाव त्याच्या तोंडी अजून आहे. "इथे खाली काहीतरी फळीला येऊन भिडलंय."

"शिखर," मी म्हणाले.

मागे कुणीतरी घशातून आवाज काढला. सुतार आत आला होता. चेहरा त्याने केलेल्या डोंगरासारखाच पांढरा.

मी उठले आणि जे तोंडात आलं ते बोलले. "फोडून जाळायला सांगितलं त्याने, आणि तुमच्याच्याने झालं नाही. बरोबर? खोकी काढून जाळलीत, डोंगर आत सरकवलात. शाबास! पण पोरीवर आळ आला तेव्हा तुमची जीभ कुठे होती हो? सकाळपासून मूग गिळून बसलात!"

"घर कंपनीचं आहे ताई," तो म्हणाला. "बायको अंथरुणाला आहे, तिचा दवाखानाही कंपनीचा. वाटलं, आत्ता बोलू, मग बोलू..."

माझा राग होता तसाच राहिला, पण त्याला धार राहिली नाही. ह्याचं नाव घेतलं तर ह्याचं घर जाणार. नाही घेतलं तर मधबोट्या म्हणणार, पोरीनेच लपवला.

बाहेर घंटा वाजली. माणसं आत येऊ लागली.

६

"वरची वस्ती," अधिकारीबाईंनी पुकारलं. "वक्ता नाही. म्हणजे हरकत..."

"हरकत आहे!" मी उभी राहिले. "आणि डोंगरही आहे. बाई, तुम्ही त्याच्यावर बसला आहात."

सभागृहात हशा पिकला. मधबोट्याही हसला.

"हसून घ्या," मी म्हणाले. "सकाळी ह्या साहेबांनी मला राख दाखवली. पहारेकऱ्याने सांगितलं म्हणाले. पहारेकरी, सांगितलं होतंत?"

"नाही बाई," दारातून आवाज आला.

"त्या राखेत प्लास्टरचा कण नाही, चाकं नाहीत. प्लास्टर जळत नाही. आहेत ते खोक्यांचे खिळे आणि पट्ट्या. सभागृहात खोकी होती ती एकाच ठिकाणी, ह्या व्यासपीठाखाली. ती कुणी काढली असतील तर कशाला तरी जागा करायला. डोंगर दारातून जात नाही, म्हणजे तो आतच आहे. आणि ज्या चौथऱ्यावर काल तुम्ही सहज चढत होतात, त्यावर आज ठेचकाळलात. तो रातोरात उंच झालाय, बाई. डोंगराचं शिखर मावत नव्हतं म्हणून."

बाईंनी पायाखाली बघितलं. मग त्या उठल्या, खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "फळ्या काढा."

वस्तीची माणसं पुढे धावली. खिळे करकरले. पुढची फळी निघाली, दुसरी निघाली, आणि चाकांची चौकट ओढून बाहेर काढली तसा अख्खा डोंगर उजेडात आला. शिखर जरासं खरवडलेलं. घरं, ढिगारे, झरा, सगळं जागच्या जागी.

मी सुताराकडे बघितलं नाही. मुद्दाम नाही बघितलं. पण मधबोट्याने बघितलं. राग आला की मध आटतो.

"फोडून टाक म्हटलं होतं ना तुला!" तो ओरडला. "जाळून टाकलं असं तोंडावर सांगितलंस मला!"

आणि मग त्यालाच ऐकू आलं आपण काय बोललो ते.

शेवटच्या रांगेत सुतार उभा राहिला. कानात बोलणारा आवाज पहिल्यांदा भिंतीपर्यंत पोचला. "म्हटलं होतं साहेब. घर काढून घेईन असंही म्हटलं होतं. घ्या काढून! खाणीत शेकड्यांनी टेकू दिले मी, खालचा माणूस दबू नये म्हणून. स्वतःच्या हाताने वस्ती फोडायला हात उठला नाही. ह्या पोरीवर आळ येऊ दिला त्याची मात्र लाज वाटते."

"घर काढून तर बघू देत," दादा काठी आपटत म्हणाला. "अख्खी वस्ती दारात बसेल." मागे उभ्या माणसांतून होकाराचा कल्लोळ उठला. वाहतूकदारांचा वक्ताही मान हलवत होता, हे मी पाहिलं.

"तुमचा जबाब मी नोंदवून घेतला आहे," अधिकारीबाई सुताराला म्हणाल्या. "जबाब देणाऱ्याला त्रास झाला तर तीही सुनावणीची नासधूसच. ती कुणी केली हे मला शोधावं लागणार नाही." मग त्या भाचीकडे वळल्या. "आपली खुर्ची रिकामी आहे."

भाची आली, पण बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. टेबलावरचा पाण्याचा पेला तिने अधिकारीबाईंपुढे धरला.

"तुम्हीच ओता बाई. मी ओतलं तर म्हणतील, मी हात तिरका केला."

बाईंनी पेला घेतला. क्षणभर थांबल्या. मग ढिगाऱ्याच्या माथ्यावर हळूहळू पाणी ओतलं. सगळं सभागृह माना उंचावून बघत होतं. पाणी लाल झालं, वळलं, नदीकडे गेलंच नाही. उतारावरून घरांच्या मधून घरंगळत येऊन झऱ्याच्या वाटीत साचलं.

"नमुना आहे तो, प्रत्यक्षात तसं होत नाही," मधबोट्या पुटपुटला. "शास्त्रीय अहवालाप्रमाणे ते पाणी पूर्ण सुरक्षित आहे."

"हो?" भाचीने चहाचा रिकामा कप उचलला, झऱ्यात बुडवला, भरला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला. "माती तुमच्याच खाणीची आहे. घ्या."

तो कपाकडे बघत राहिला.

"घ्या ना," ती म्हणाली. "आमच्या पोरांना जन्मभर पाजणार आहात, तुम्ही एकदाच प्यायचंय."

त्याने कप दूर सारला.

अधिकारीबाई लेखनिकाकडे वळल्या. "लिहा. कंपनीच्या प्रतिनिधीने पाणी प्यायला नकार दिला. ढिगाऱ्यांची जागा नामंजूर. नवी जागा दाखवा, आणि वरच्या वस्तीला पुन्हा विचारा."

शिपाई व्यासपीठाच्या फळ्या परत ठोकायला निघाले होते. बाईंनी हातानेच त्यांना थांबवलं. वर जाऊन आपली खुर्ची स्वतः उचलून त्या खाली आल्या आणि 'वरची वस्ती' लिहिलेल्या खुर्चीशेजारी मांडून बसल्या.

"हं, बोला मास्तरीणबाई," त्या म्हणाल्या. "आता ऐकू येतंय."